कान वाहतोय, कल्चर पाठवायचंय? मग पू आतला घ्या, दारातला नको

ओपीडीतली सकाळी अकराची गर्दी, बाहेर रांग, आत खुर्चीत कान वाहणारा पेशंट. आपण नळीतला स्वॅब, म्हणजे टोकाला बोळा असलेली काडी, काढतो, कानाच्या तोंडाशी एक गोल फिरवतो, परत नळीत खुपसतो, फॉर्मवर 'इअर स्वॅब, कल्चर सेन्सिटिव्हिटी' (म्हणजे जंतू वाढवून बघा आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते सांगा) एवढंच खरडतो आणि वॉर्डबॉय मामांच्या हातात देतो. तीन दिवसांनी रिपोर्ट येतो, मिक्स्ड ग्रोथ, कंटॅमिनेशनची शक्यता, परत सॅम्पल पाठवा. मग आपण लॅबला शिव्या घालतो.

मीही घातल्यात. रेसिडेंट असताना सुरुवातीचे माझे कितीतरी स्वॅब असे वाया गेले, शेवटी मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी मला खाली लॅबमध्ये बोलावलं, जंतू वाढवायची प्लेट हातात दिली आणि म्हणाल्या, "हे बघ, हे पेशंटच्या कानातलं नाहीये, कानाच्या दारातलं आहे. तू दारात झाडू मारून मला घरातला कचरा म्हणून पाठवतेस." तेव्हा राग आला होता, पण बाई बरोबर बोलत होत्या. तर हे लिहितेय ते मुख्यतः इंटर्न, नवीन रेसिडेंट, ग्रामीण रुग्णालयातले मेडिकल ऑफिसर आणि लॅब टेक्निशियन लोकांसाठी. पेशंट किंवा घरचे वाचत असतील तर वाचा, काय चाललंय ते कळेल, पण घरी इअरबडने सॅम्पल घ्यायच्या भानगडीत कृपा करून पडू नका.

आधी दार आणि घर यातला फरक. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला हाडाचा, आणि हे सगळं कातडीने मढवलेलं. कातडी आली की तिचे नेहमीचे भाडेकरू आले, कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, डिफ्थेरॉइड्स वगैरे, हे लोक तिथे आयुष्यभर राहतात आणि सहसा कुणाला काही करत नाहीत. पडद्याच्या पलीकडे मधला कान, तिथे कातडी नाही, म्यूकोसा, म्हणजे ओलसर अस्तर, आहे, आणि जुनाट इन्फेक्शन तिथे चाललेलं असतं. पडद्याला भोक असतं म्हणून पू बाहेर येतो, आणि येता येता नळीतल्या भाडेकरूंना सोबत घेऊन येतो. आपल्याला हवा आहे तो भोकातून नुकताच बाहेर पडलेला थेंब, नळीच्या तोंडाशी कालपासून साचलेला नव्हे. सगळी उस्तवार एवढ्याचसाठी.

दुसरं म्हणजे प्रत्येक वाहत्या कानाचं कल्चर लागत नाही. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने पडद्याला भोक आणि निदान दोन आठवडे पू चालू असेल तर तो जुनाट, म्हणजे सीएसओएम (क्रॉनिक सपरेटिव्ह ओटायटिस मीडिया). असा पेशंट पहिल्यांदा आला, बाकी तब्येत ठीक आहे, तर कान नीट पुसायचा, क्विनोलोनचे, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकचे, ड्रॉप्स द्यायचे, कान कोरडा ठेवायला सांगायचं आणि परत बोलवायचं, बरेच जण एवढ्यावर कोरडे होतात. स्वॅब कधी, तर ड्रॉप्स नीट घालूनही दोनतीन आठवड्यांत कान वाहायचा थांबला नाही तर, सारखा सारखा परत वाहतोय तर, ऑपरेशन ठरलंय आणि कान ओला आहे तर, पेशंटला डायबेटीस आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे तर, किंवा बुरशीचा वा टीबीचा संशय आहे तर. आणि कान पूर्ण कोरडा असेल, नुसतं भोक दिसतंय, पू नाही, तर स्वॅब घेऊच नका, जे येईल ते कातडीवरचंच येईल आणि मग त्या रिपोर्टवर कुणीतरी अँटिबायोटिक लिहून मोकळं होईल.

एक गोष्ट इथेच सांगते. ताप आणि जोरात डोकेदुखी, उलट्या, चक्कर, तोंड वाकडं होणं, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणं, यातलं काहीही दिसलं तर स्वॅबपायी त्या पेशंटला थांबवू नका. इन्फेक्शन हाडातून मेंदूकडे किंवा चेहऱ्याच्या नसेकडे गेलेलं असू शकतं. सीटी आणि ऑपरेशनची सोय असेल तिथे लगेच पाठवा, सॅम्पल तिथले लोक घेतील.

आता तयारी. पहिला प्रश्न औषधांचा. पेशंट आदल्या रात्रीपर्यंत सिप्रोचे थेंब घालून आला आणि तुम्ही सकाळी स्वॅब घेतलात तर प्लेटवर काहीच उगवणार नाही, किंवा जे उगवायला नको होतं तेवढंच उगवेल. आमच्याकडे कानाचे थेंब आणि तोंडाच्या अँटिबायोटिक निदान ३ दिवस आणि जमलं तर ७ दिवस बंद ठेवून मग सॅम्पल घेतात. पेशंट आजारी असेल तर वाट बघायची नाही, आहे त्या स्थितीत घ्यायचं आणि कुठलं औषध कधीपर्यंत चालू होतं ते फॉर्मवर लिहायचं. दुसरा प्रश्न तेलाचा. "कानात तेल घातलंय का?" असं विचारलं की आजी ठामपणे नाही म्हणतात. "लसूण कडवून कोमट दोन थेंब?" असं विचारलं की लगेच, "ते होय, ते तर घालतेच की रोज." तर प्रश्न नेमका विचारा, खोबरेल, लसणीचं तेल, पेरॉक्साइड, मेडिकलवाल्याने दिलेलं काहीतरी, सगळ्यांची नावं घेऊन विचारा. कानकोरणं, काडेपेटीची काडी, हेअरपिन यांचीही चौकशी करा आणि पेशंट विहिरीत किंवा नदीत पोहतो का तेही.

सामान फार लागत नाही. हेडलाइट किंवा बुल्स आय लॅम्प आणि हेड मिरर, मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, एंडोस्कोप असेल तरी चालतं, निर्जंतुक केलेले दोन इअर स्पेक्युलम (कानात बघायचं नरसाळं), एक साफ करताना आणि एक सॅम्पल घेताना, सक्शन, जॉब्सन हॉर्न प्रोब म्हणजे कानात वापरायची बारीक सळई, निर्जंतुक कापूस, ७० टक्के स्पिरिट, निर्जंतुक सलाइन, स्वॅब, एक एमएलची सिरिंज. स्वॅबवर मात्र जरा थांबते. घशासाठी येतो तो नेहमीचा जाड स्वॅब कानात गेला की नळीच्या चारी भिंती पुसतच आत जातो, मुलाच्या कानात तर तो भोकापर्यंत पोचतच नाही. बारीक टोकाचा, तारेसारख्या दांडीचा मिनी टिप स्वॅब मागवा. कापसापेक्षा रेयॉन, डॅक्रॉन किंवा फ्लॉक्ड नायलॉनचा बरा, कारण कापसात फॅटी अ‍ॅसिड असतात आणि ती नाजूक जंतूंना मारक ठरतात. आणि काहीच मिळत नसेल तर जुना जुगाड आहे, जॉब्सन हॉर्न प्रोबला बारीकसा कापूस घट्ट गुंडाळायचा, टेस्ट ट्यूबमध्ये घालायचा, ऑटोक्लेव्ह करून ठेवायचा. आमच्या सिस्टर सोमवारी अशा वीसेक नळ्या करून ठेवायच्या आणि आठवडा निघायचा.

पेशंटला आधी सांगा काय करणार ते. नुसतं "हलू नका" म्हणून भागत नाही, "काका, थोडं गार लागेल, मशीनचा आवाज मोठा येईल, खोकला येऊ शकतो, चक्कर आली तर हात वर करा, पण डोकं झटकू नका" असं. खोकल्याचं कारण, कानाच्या नळीत व्हेगस नर्व्हची एक फांदी येते, तिला अर्नॉल्ड्स नर्व्ह म्हणतात, तिला धक्का लागला की काही लोकांना ठसका लागतो. हे माहीत नसेल तर नेमका स्वॅब आत असताना पेशंट ठसकतो आणि तुम्ही दचकता. चक्कर येते ती गार सक्शनने किंवा गार पाण्याने, म्हणून सलाइन अंगाच्या तापमानाइतकं कोमट करून घ्यायचं, सक्शन कमी प्रेशरवर आणि थोडा थोडा वेळ. लहान मूल असेल तर आईच्या मांडीवर आडवं बसवा, आईचा एक हात मुलाच्या कपाळावर म्हणजे डोकं तिच्या छातीला टेकलेलं, दुसरा हात मुलाच्या दोन्ही हातांवरून, आणि मुलाचे पाय तिच्या पायांत. मुलाला "काही नाही होणार बाळा" म्हणत फसवू नका, पुढच्या वेळी ते दाराशीच भोकाड पसरतं.

कान ओढायची दिशा, मोठ्यांचा वर आणि मागे, लहान बाळांचा खाली आणि मागे. यात चूक झाली की नळी सरळ होत नाही आणि पडदाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही तिथे काहीही घालायचं नाही हा नियम मोडायचा नाही. कुणी कितीही घाई करू दे.

आता साफसफाई. बरेच लोक ही पायरी गाळतात आणि खरं काम तर हीच करते. आधी नळीतला साचलेला पू आणि खपल्या निर्जंतुक कापसाने कोरड्या पुसून काढा, जास्त असेल तर सक्शनने. हा पू टाकून द्यायचा. हो, टाकून. मला माहितीये, जीव वरखाली होतो, एवढा छान पू समोर आहे आणि ही बाई फेकायला सांगतेय. पण तो दारातला आहे. मग कापसाचा बोळा ७० टक्के स्पिरिटमध्ये बुडवून चांगला पिळून घ्या, थेंब गळता कामा नये, आणि कानाचं तोंड व नळीचा फक्त बाहेरचा भाग पुसा, एकदोन मिनिटं वाळू द्या. स्पिरिट खोल जाऊ द्यायचं नाही. भोकातून मधल्या कानात गेलं तर पेशंट खुर्चीतून उडतो, आणि तिथून पुढे आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या भागाला, त्याने इजा होऊ शकते. खोल भाग पुसायचा असेल तर सलाइनमध्ये ओलावलेला बोळा. आणि पिचकारीने कान धुणं अजिबात नाही, भोक असलेल्या कानात पाणी मारलं की बाहेरची घाण आत आणि वर चक्कर फुकट.

साफ झालं की स्पेक्युलम बदला. नळी आता कोरडी दिसली पाहिजे. आता थोडं थांबायचं, नवीन पू आपोआप भोकाशी येतो. नाहीच आला तर पेशंटला नाक दाबून, तोंड मिटून, हळूच हवा फुगवायला सांगा, शंख फुंकताना गाल फुगतात तसे नाही, बेताने. नाकाकडून कानाकडे जाणारी युस्टेशियन ट्यूब उघडी असेल तर भोकातून बुडबुडा येतो आणि पाठोपाठ ताज्या पुवाचा थेंब, हाच तो. सर्दी भरलेली असेल तर हे करू नका, नाकातलं वर कानात जाईल.

मग बघत बघत स्वॅब न्यायचा, नळीच्या भिंतीला न लावता, थेट थेंबावर. टेकवायचा, पाचदहा सेकंद शोषू द्यायचा, हलकासा फिरवायचा आणि आला तसाच सरळ बाहेर काढायचा. भोकातून आत ढोसायचा नाही. विशेषतः पडद्याच्या मागच्या वरच्या भागात तर नाहीच, त्याच्या पलीकडे इन्कस आणि स्टेप्स ही इवलीशी हाडं आहेत, ती हलली तर ऐकू यायचं जाईल किंवा चक्कर येईल. खालचा पुढचा भाग त्या मानाने सुरक्षित. बाहेर काढताना भिंतीला लागला तर तो स्वॅब बाजूला टाका, नवीन घ्या. स्वॅब महाग असतो हे खरंय, पण चुकीचा रिपोर्ट त्याहून महाग पडतो.

स्वॅब दोन घ्यायचे, पहिला कल्चरसाठी, दुसरा स्लाइडसाठी. एकाच स्वॅबने आधी न निर्जंतुक केलेल्या काचेवर फासायचं आणि मग तोच प्लेटवर न्यायचा, हे करू नये.

पू भरपूर आणि पातळ असेल तर स्वॅबपेक्षा शोषून घेतलेलं सॅम्पल केव्हाही सरस. १८ नंबरच्या आयव्ही कॅन्युलाची सुई काढून टाका, उरलेली मऊ प्लास्टिकची नळी एक एमएलच्या सिरिंजला लावा, मायक्रोस्कोपखाली भोकाच्या तोंडाशी धरा आणि हळू ओढा. दोनचार थेंब मिळाले तरी पुष्कळ. मोठ्या ठिकाणी सक्शनच्या नळीत मध्ये छोटी बाटली लावलेली असते, पू त्यात जमतो, ते तर फारच सोयीचं.

घाण वास येत असेल तर अ‍ॅनेरोब्जचा विचार करा, म्हणजे हवेशिवाय जगणारे, बॅक्टेरॉइड्स, प्रिव्होटेला, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस ही मंडळी. यांच्यासाठी साधा स्वॅब जवळपास निरुपयोगी, हवा लागली की मरतात. सिरिंजमध्ये घ्या, हवेचा बुडबुडा काढून टाका, तोंडाला निर्जंतुक टोपी लावा आणि अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा, किंवा लॅबकडून रॉबर्टसन कुक्ड मीट या खास मीडियाची बाटली आधीच मागून ठेवा आणि त्यात तळाशी सोडा. सुई लावलेली सिरिंज कधीही पाठवू नका, वाटेत मामांच्या बोटात घुसते. आणि आधी लॅबला फोन करा की अ‍ॅनेरोबिक कल्चर करता का, कारण सगळीकडे ती सोय नसते.

हे सगळं झालं साध्या, म्हणजे म्यूकोझल प्रकाराबद्दल, ज्यात पू भरपूर, बुळबुळीत आणि सहसा बिनवासाचा. दुसरा जो स्क्वॅमस प्रकार, कोलेस्टिएटोमावाला (मधल्या कानात कातडी साचून वाढणारी, हाड खाणारी गाठ), त्यात पू थोडासाच, घाण वासाचा, कधी रक्ताळलेला, आणि भोक पडद्याच्या अगदी वरच्या भागात, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये किंवा कडेला. तिथे खपली काढल्याशिवाय पू दिसतही नाही. यात ओपीडीत फार खोदकाम करू नका. कानात लाल मांसाचा गोळा, पॉलिप दिसला तर तो ओढून काढायचा मोह आवरा, त्याचं मूळ स्टेप्सला किंवा फेशियल नर्व्हला चिकटलेलं असू शकतं. यांचं खरं सॅम्पल ऑपरेशन थिएटरमध्ये, मॅस्टॉइड, म्हणजे कानामागचं हाड, उघडल्यावर मिळतं, ग्रॅन्युलेशनचा, म्हणजे सुजेतून वाढलेल्या मांसाचा, तुकडा किंवा कोलेस्टिएटोमाचा पापुद्रा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सिस्टर सवयीने तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये गेला की जंतू मेले, कल्चर संपलं. ऑपरेशनच्या आधीच दोन बाटल्या मांडून ठेवा, एक निर्जंतुक सलाइनची मायक्रोसाठी, एक फॉर्मॅलिनची पॅथॉलॉजीसाठी, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहा.

टीबीचंही तसंच. कान दुखत नाही पण वाहतोय, पडद्याला एकापेक्षा जास्त भोकं, फिकट ग्रॅन्युलेशन, ऐकू येणं अपेक्षेपेक्षा फारच कमी झालेलं, कितीही ड्रॉप्स घाला फरक नाही, असं दिसलं की मनात टीबी आला पाहिजे. त्याला स्वॅब पुरत नाही, तुकडा किंवा शोषलेला पू सलाइनमध्ये घालून सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूच्या जनुकीय तपासणीसाठी, आणि टीबी कल्चरसाठी पाठवा. राष्ट्रीय टीबी कार्यक्रमात ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, पेशंटला बाहेर पैसे घालवायला लावू नका.

बुरशी ओळखायला सोपी. नळीत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा, त्यावर काळे ठिपके असले की अ‍ॅस्परजिलस नायजर, दह्यासारखं पांढरं असेल तर कँडिडा असण्याची शक्यता जास्त, आणि पेशंटची तक्रार खाजेची. इथे तो लगदाच सॅम्पल, तो प्रोबने उचलून निर्जंतुक डबीत द्या, लॅबवाले केओएच, म्हणजे लगदा विरघळवून बुरशी दाखवणारं द्रावण, घालून मायक्रोस्कोपखाली तासाभरात सांगतात. पावसाळ्यात आणि तेल घालणाऱ्या कानात हे फार. फक्त फॉर्मवर 'फंगल' लिहा, नाहीतर बुरशी वाढवायच्या सॅबूरॉड्स मीडियावर लावणार नाहीत.

फॉर्मचं बोलायचं तर 'इअर स्वॅब' या दोन शब्दांतून लॅबला काहीही कळत नाही. नाव, वय, उजवा की डावा कान, मधल्या कानातला पू आहे आणि पडद्याच्या भोकातून घेतलाय हे, किती दिवसांपासून वाहतोय, कुठले ड्रॉप्स आणि कधी थांबवले, डायबेटीस आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, सॅम्पल घेतल्याची वेळ. दोन्ही कान वाहत असतील तर दोन सॅम्पल, दोन फॉर्म, आणि वेगळे स्पेक्युलम, हातमोजेही बदला. उजव्यात एक आणि डाव्यात दुसराच जंतू निघू शकतो. आणि लेबल नळीवर लावा, टोपणावर नको, टोपणं लॅबमध्ये अदलाबदल होतात.

पाठवताना, साधा कोरडा स्वॅब असेल तर २ तासांच्या आत प्लेटवर गेला पाहिजे. लॅब लांब असेल तर एमीज ट्रान्सपोर्ट मीडियम, म्हणजे वाटेत जंतू जिवंत ठेवणारं माध्यम, वापरा, त्यात साधारण २४ तास निभतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, खोलीच्या तापमानाला राहू द्या. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आमच्याकडे सॅम्पल आलं होतं ते लसीच्या कॅरियरमध्ये, चारी बाजूंनी आइसपॅक लावून, बिचाऱ्यांनी केवढी काळजी घेतली होती, आणि उगवलं काहीच नाही. त्याचं उलटंही होतं, मे महिन्यात विदर्भात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेला स्वॅब तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत येता येता भाजून निघतो. बर्फ न घातलेला थर्माकोलचा डबा, सावलीत, एवढंच पुरे.

वापरलेला कापूस आणि स्वॅब पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, सुई पांढऱ्या पारदर्शक डब्यात. स्पेक्युलम आणि प्रोब ऑटोक्लेव्हला, नुसतं स्पिरिट फिरवून पुढच्या पेशंटला नाही. वाहत्या कानात नेहमी सापडणारा स्यूडोमोनास हा जंतू ओलाव्यात मजेत जगतो, सक्शनच्या बाटलीत, नळाच्या तोंडाशी, अगदी पातळ केलेल्या जंतुनाशकातसुद्धा, आणि तिथून तुमच्या हाताने पुढच्या कानात जातो.

लॅबमध्ये काय होतं ते एकदा खाली जाऊन बघाच. ग्रॅम स्टेनवर, म्हणजे रंगवलेल्या स्लाइडवर, पू पेशी भरपूर आणि एकाच प्रकारचे जंतू दिसले तर सॅम्पल चांगलं, नुसत्या कातडीच्या पेशी आणि पाच प्रकारचे जंतू दिसले तर तुम्ही दारातलं पाठवलंय, लगेच समजतं. मग ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार या जंतू वाढवायच्या प्लेटांवर लावून ३७ डिग्रीला रात्रभर. जुनाट कानात बहुतेक वेळा दोघांपैकी एक निघतो, स्यूडोमोनास एरुजिनोसा किंवा स्टॅफ ऑरियस, मग प्रोटियस, क्लेब्सिएला वगैरे. प्रोटियस प्लेटवर लाटांसारखा पसरत जातो, शेजाऱ्यांना झाकून टाकतो. स्यूडोमोनासची प्लेट हिरवी पडते आणि द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, मुद्दाम नाक लावून हुंगू नका. १८८२ मध्ये पॅरिसमध्ये कार्ल गेसार यांनी हा जंतू वेगळा केला तोही जखमेच्या पट्ट्यांवर निळा हिरवा पू का दिसतो हे शोधताना. आजही कानातल्या कापसाच्या बोळ्यावर तोच हिरवा डाग दिसला की रिपोर्ट यायच्या आधीच अंदाज येतो. जंतू ओळखला की म्युलर हिंटन अगारवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून परत एक रात्र. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ४८ तास, सहसा तीन दिवस. अ‍ॅनेरोब्जना त्याहून जास्त, बुरशीला काही आठवडे, टीबी कल्चरला तर त्याहूनही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून "रिपोर्ट का नाही" विचारू नका.

रिपोर्ट वाचताना एक फसगत होते. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही, असं दिसलं की लोक घाबरून ड्रॉप्स बंद करतात आणि थेट इंजेक्शनवर जातात. पण रिपोर्टमधला आर किंवा एस (सेन्सिटिव्ह, औषध लागू) हा औषध रक्तात किती पोचतं त्यावर ठरवलेला असतो. ड्रॉप्सचं गणित वेगळं आहे, ०.३ टक्के सिप्रोचा थेंब म्हणजे एका एमएलमध्ये ३ मिलिग्रॅम, म्हणजेच ३००० मायक्रोग्रॅम. लॅबच्या आकड्याच्या हजारो पट औषध जागेवरच पडतं. म्हणून रिपोर्टमध्ये आर असलेला कानही ड्रॉप्सने कोरडा झालेला मी बघितलाय, अट एकच, कान आधी नीट पुसलेला हवा, पुवाच्या तळ्यावर थेंब टाकले तर ते वरच तरंगतात. तरी कोरडा होत नसेल तर मग रिपोर्ट समोर ठेवून विचार करा. जेन्टामायसिनपुढे 'एस' दिसलं म्हणून त्याचे थेंब फुटलेल्या पडद्यात घालायला सांगू नका, आतल्या कानाला ते घातक ठरू शकतं. आणि स्यूडोमोनास निघाला असताना अमॉक्सी-क्लॅव्ह लिहिणं म्हणजे पाण्यात पैसे, त्या औषधाला तो मुळातच दाद देत नाही.

'नो ग्रोथ' आला म्हणजे जंतू नाहीतच असं नाही. औषध चालू असताना घेतलं, अ‍ॅनेरोब होते, किंवा जंतू बायोफिल्म करून बसलेत, म्हणजे म्यूकोसाला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर करून, आणि स्वॅबवर येतच नाहीत. कान वाहतोय हे डोळ्यांना दिसतंय ना, मग डोळ्यांवर विश्वास ठेवा.

शेवटचं काम पेशंट खुर्चीतून उठायच्या आधीचं. मराठवाड्यात काम करताना एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीचं सॅम्पल घेतलं होतं, सात वर्षांची, दोन्ही कान वाहणारे, पू अगदी आतला मिळाला होता, रिपोर्टही स्वच्छ आला, एकच जंतू, औषधंही लागू. आणि तोवर अख्खं कुटुंब टोळीबरोबर कारखान्याला निघून गेलेलं, मोबाइल बंद. दिवाळीच्या आसपास हे होणार हे मला कळायला हवं होतं. तेव्हापासून मी सॅम्पल घेतलं की त्याच खुर्चीत कान पुसून ड्रॉप्स सुरू करते, थेंब घालून कानापुढची उंचवट्याची जागा, ट्रॅगस, चारपाच वेळा दाबायची कशी ते आईकडून करून घेते, आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कसा ठेवायचा ते दाखवते, आणि फॉर्मवर दोन नंबर लिहून घेते, एक त्यांचा आणि एक गावात मागे राहणाऱ्या कुणाचा तरी, किराणा दुकानदाराचा असला तरी चालेल. त्या मुलीला घेऊन आई एप्रिलमध्ये परत आली, मुलीचे कान तसेच वाहत होते, सॅम्पल परत पहिल्यापासून.